उघडिपीतली पांढरी माशी

नोकरीत सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, असं निवृत्तीनंतर मला बरेच जण विचारतात. बाईमाणूस, एकटी स्कूटरवर वाड्यावस्त्या हिंडायची, म्हणजे ही आता कुत्री, साप, नाहीतर दारू पिऊन आडवा आलेला एखादा इसम सांगणार, अशी त्यांची अपेक्षा असते. ते सगळं होतंच. पण मी उघडिपीचं नाव घेते. पेरण्या उरकाव्यात, पिकं हातभर व्हावीत आणि मग पावसानं पाठ फिरवावी. आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन तापलेलं, पानही हलत नाही. रस्त्यानं जाणारा म्हणतो, काय सुंदर हवा पडलीय. मी मात्र स्कूटर काढून रानं बघत सुटायचे.

मी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कृषी सहायक होते. आमचा मुलूख उसाचा. इथं तेलबिया म्हणजे पाहुण्या. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाला फुटून आलेलं पुढचं पीक, मोडला की रानाला जरा विसावा म्हणून सोयाबीन, उन्हाळ्यात पाणी असेल तर भुईमूग, कडेला कुठं तीळ. उसाची सवय लागलेल्या माणसाला या पिकांचा नाजूकपणा समजत नाही. ऊस दांडगा. त्याच्याकडे आठवडाभर पाठ फिरवली तरी तो उभाच असतो. सोयाबीनकडे पाठ फिरवून चालत नाही.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पिकांचे काही रोग किड्यांच्या तोंडातून येतात. सोयाबीनचा पिवळा मोझॅक हा तसाच. पांढरी माशी म्हणून एक किडा असतो, तांदळाच्या कणीहून लहान. पानाच्या खालच्या बाजूला बसते. झाड हलवलं तर चिमूटभर पीठ उडाल्यासारखं दिसतं, तेवढंच तिचं दर्शन. ती आजारी झाडाचा रस पिते आणि तेच तोंड निरोगी झाडाला लावते. झालं. रोग एकदा झाडात शिरला की त्याच्यावर औषध नाही. बाजारात कुणी काहीही सांगो, नाही. आजारी झाड लवकर ओळखून उपटायचं, पुरून टाकायचं, आणि माशी वाढणार नाही असं बघायचं. जोराचा पाऊस आला तर माशी धुऊन जाते. उघडीप पडली, उकडायला लागलं की तिचं गोकुळ वाढतं. म्हणजे रोगाची दोरी शेवटी आभाळाच्या हातात. आम्ही नुसते खालून वर बघणार.

तिळाचं तर याहून भयंकर. तिथं तुडतुडे रोग पोचवतात आणि झाडाला जिथं फुलं यायची तिथं हिरव्या पानांचे झुबकेच्या झुबके येतात. पहिल्यांदा मी ते एका म्हातारीच्या रानात पाहिलं आणि मनातून चरकले. तिनं बांधावर लिंबू-मिरच्या टाकल्या होत्या. कुणीतरी करणी केली असं तिचं म्हणणं. मी तिला तुडतुडा दाखवला, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ह्यो तुडतुडा कुनी धाडला?”

कोऱ्हाळे बुद्रुकचे एक आबा आठवतात. पिवळं पडलेलं सोयाबीन मला दाखवायचं म्हणून त्यांनी भलामोठा भारा उपटला, मोटारसायकलच्या मागं बांधला आणि गावाच्या सगळ्या शिवारातून माझ्यापर्यंत घेऊन आले. “मॅडम, तुमची खेप वाचिवली,” म्हणाले. भाऱ्यात शोधून एक माशी सापडली नाही. सगळ्या वाटेत उतरून लोकांच्या रानात गेल्या होत्या. तेव्हा मी कपाळाला हात लावला, नंतर घरी सांगताना हसलेही. पण या माशीवरून हसणं मला भवानीनगरच्या बाजूला एका वस्तीवर जे घडलं त्यानंतर जमलं नाही.

त्या वस्तीवर मनीषा नावाची शेतकरीण होती. नवरा कारखान्यात फिटर, त्यामुळे रान हिच्याच अंगावर. तिच्या सासऱ्यांना घरात-दारात सगळे तात्या म्हणत. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, कानानं तिखट. जन्मभर ऊस लावलेला माणूस. मनीषानं माझ्या बैठकांना येऊन येऊन ठरवलं की खोडवा मोडून यंदा सोयाबीन करायचं. तात्यांना ते पटलं नव्हतं. पण सून कष्टाळू, नातवंडांचं सगळं तीच बघणार, म्हणून त्यांनी रान दिलं. पीक आलंही दृष्ट लागण्यासारखं. तात्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवायला लागले.

मग पाऊस गेला. पीक फुलावर यायच्या बेतात आणि आभाळ काचेसारखं. एक दिवस मनीषाचा फोन आला.

“मॅडम, बांधाकडची काय झाडं पिवळी दिसत्यात. युरिया टाकू का?”

“काहीही टाकू नकोस. मी येते.”

जाताना मी मनात म्हणत होते, लोह कमी पडलेलं असू दे. जमिनीत लोह कमी पडलं तरी पान पिवळं होतं, पण शिरा हिरव्या राहतात, आणि त्याला उपाय असतो. बांधावर वाकून मी पान हातात घेतलं. हिरव्यात पिवळे ठिपके, पिवळ्यात हिरवे, जणू कुणी ब्रश झटकला होता. पान उलटलं. पीठ उडालं.

मनीषा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, “एवढी झाडं आत्ताच्या आत्ता उपटू. रोज सकाळी फेरी मारायची, पिवळं दिसलं की काढायचं. पिवळे चिकट सापळे लावू. आणि एकच औषध, शिफारस केलेलं, एकदाच, सकाळच्या गारव्यात फवारू.”

तात्या बांधावर उभे होते. ते मला बाई म्हणत.

“उभ्या पिकाला हात घालायचा म्हंता, बाई? घरात लेकरू तापानं फणफणलं तर त्याला उचलून भाईर टाकत्यात व्हय?”

“तात्या, देवीची साथ आली की आजारी माणसाला वेगळं ठेवायचे की नाही?”

“वेगळं ठिवायचं,” ते म्हणाले. “पुरायचं न्हाय.”

आम्ही दोघी उपटत गेलो तसे ते आमच्याकडे पाठ करून बसले. मुळासकट झाड निघताना जो बारीक आवाज होतो, त्या प्रत्येक आवाजाला त्यांची मान हलत होती.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. सकाळी उठून आधी आभाळ बघायचं. ढगाचा तुकडाही नाही. रोज एकेका वस्तीवरून फोन. शेजारच्या सदाशिवरावांच्या रानात सुरुवातीला एका कोपऱ्यात पिवळं होतं. ते दूध गोळा करायचा धंदा करत, पिकअप घेऊन दिवसभर बाहेर. त्यांनी झाडं काढली नाहीत. आठवडा झाला नाही तोच त्यांचं अख्खं रान लांबून हळद सांडल्यासारखं दिसायला लागलं. आणि ते रान मनीषाच्या बांधाला लागून.

सगळ्या शिवारात फवारणी सुरू झाली. गावातला दुकानदार दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून देत होता. संध्याकाळी वस्तीवर गेलं की घशात खवखवायचं. गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, जितकं जास्त फवारलं तितकी माशी जास्त झाली. कारण माशीला खाणारे किडे त्या फवाऱ्यात आधी मेले. मी हे सांगत फिरत होते आणि लोक माझ्या तोंडाकडे नुसते बघत होते.

सदाशिवराव मला वाटेत गाठून म्हणाले, “मॅडम, समदं गाव फवारतंय आन तुमी मनीषाला झाडं उपटायला लावलंय. उद्या तिच्या रानात काय न्हाय राहिलं तर तुमी भरून देनार का?”

मलाही रोज पहाटे हीच भीती वाटत होती. पुस्तकातलं खरं असतं, पण रान दुसऱ्याचं असतं.

मनीषाचं शिफारशीचं औषध मिळायला बरेच दिवस गेले, ते एकदाचं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड बांधून फवारायचं ठरलं. त्या दुपारी मी सापळे घेऊन वस्तीवर गेले. मनीषा मुलांच्या शाळेतून नुकतीच परत आली होती. आम्ही दोघी रानाकडे निघालो. वारा पडला होता, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. रान अजून लांब असताना मला वास आला. लसणासारखा, उग्र. तो वास आमच्या खात्यातला माणूस विसरत नाही.

“कोण फवारतंय ह्या उन्हात?” मनीषा म्हणाली आणि पळायला लागली.

तात्या सोयाबीनच्या दोन ओळींच्या मध्ये बसले होते. पाठीला पंप तसाच. अंगात नुसती बंडी. पंप गळका होता आणि बंडी पाठीला चिकटून ओलीचिंब झाली होती. फवारणीची नळी हातातून सुटून पडलेली. तोंडातून लाळ गळत होती, घामानं अंग निथळत होतं, आणि कातडीखाली स्नायू फडफडत होते. मी त्यांचं डोकं वर केलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

मी लोकांना शिबिरांमधून हे सगळं पाठ म्हणून दाखवलं होतं. विषबाधा झाल्यास काय कराल. चार्ट लावून, छडीनं दाखवून. तिथं त्या ओळीत मला पंपाचा पट्टासुद्धा सुटेना. शेवटी मनीषानं विळ्यानं कापला.

त्यांना बाहेर ओढून आम्ही विहिरीपाशी आणलं. बंडी काढली. मनीषानं मोटार सुरू केली आणि नळीचं पाणी त्यांच्या अंगावर धरलं. हौदावर साबणाची वडी होती, त्यानं मी पाठ, मान, हात धुतले. ओरडाआरडा ऐकून सदाशिवराव आले, घरात जाऊन दुधाचा तांब्या घेऊन आले.

“पाजा, पाजा, दुधानं इख उतरतंय.”

“नाही. काहीही पाजायचं नाही. ते पुरते शुद्धीवर नाहीत, दूध छातीत जाईल. गाडी आणा.”

त्यांनी तांब्या पुढं केलेलाच होता. एक क्षण मला वाटलं, हे ऐकणार नाहीत. मग त्यांनी तात्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि पिकअपकडे पळाले.

आता प्रश्न होता, फवारलं काय. डॉक्टर पहिला हाच प्रश्न विचारणार. औषधागणिक उतारा वेगळा असतो. मी पंपापाशी बघितलं, बांधावर बघितलं. बाटली नाही, पुडी नाही. आमचं ठरलेलं औषध घरात तसंच होतं, बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं.

“तात्या, काय घातलंत पंपात? तात्या?”

त्यांच्या घशातून फक्त घरघर येत होती.

मनीषा विहिरीच्या काठावर उभी राहून इकडं-तिकडं बघत होती. एकदम म्हणाली, “लपवलंय. मला दिसू नये म्हनून लपवलंय.” आणि ती विहिरीच्या कठड्याच्या पलीकडं वाकली. डॉक्टरांनी बिडी बंद केल्यापासून तात्या तिथल्या एका कपारीत बिडीबंडल ठेवत, आणि ते तिला ठाऊक होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. कपारीत तिनं हात घातला. बिडीबंडलाच्या मागून दोन बाटल्या आणि एक फाडलेली पुडी निघाली.

पिकअपच्या मागच्या बाजूला दुधाच्या कॅनांच्या मधे जागा करून आम्ही त्यांना कुशीवर झोपवलं. मी डोक्याशी, मनीषा पायाशी. बाटल्या मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मांडीत धरल्या होत्या. त्यांचा श्वास लांबायचा, अडकायचा. अडकला की मी माझाही श्वास धरून ठेवायचे. तात्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, आणि त्या मुठीतली ताकद हळूहळू कमी होत होती. ते मला कळत होतं. मी मनीषाला सांगितलं नाही.

बारामतीच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. अख्खा रस्ता पांढरा. सदाशिवराव हॉर्न वाजवत राहिले, मेंढरं आणखीच बिचकून एका जागी गोळा झाली. मग ते खाली उतरले आणि कळपामागच्या धनगरणीला म्हणाले, “आक्का, म्हातारा मरतोय गं आमचा.” त्या बाईनं गाडीत डोकावून पाहिलं. एक शब्द न बोलता तिनं पुढच्या मेंढराच्या शिंगाला धरलं आणि त्याला ओढत रस्त्याकडेच्या चारीत उतरवलं. बाकीचा कळप त्याच्यामागून उतरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाटल्या बघितल्या, पुडी बघितली. “हे तिन्ही एकत्र?” एवढंच म्हणाले. मग दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मनीषाच्या हाताला औषधाचा वास येत होता. मी तिला उठवून कोपरापर्यंत हात धुवायला लावले, माझेही धुतले. समोरच्या खिडकीतून आभाळ दिसत होतं. तेच, स्वच्छ, निळं. थोड्या वेळानं तिचा नवरा कारखान्याच्या कपड्यांतच आला. ग्रीसचे हात तसेच. माझ्यासमोर उभा राहिला.

“तुमीच सांगितलं हुतं ना, फवारू नका म्हनून? म्हनून म्हाताऱ्यानं चोरून फवारलं.”

मी उठून उभी राहिले. मनीषाच बोलली.

“मॅडम फवारू नका म्हनाल्या न्हाईत. उद्या सकाळी फवारायचं ठरलं हुतं. तात्यांना उद्यापातूर दम निघाला न्हाय.” मग ती म्हणाली, “त्यांना पीक जाईल ह्याची भीती हुती. मला सांगितलं असतं तर मी आयकलं असतं का, ते मला ठाव न्हाय.”

तो तिच्याशेजारी बसला.

तात्यांना श्वासाचं यंत्र लावलं. डॉक्टर रोज बाहेर येऊन एकच वाक्य सांगत, अजून काही सांगता येत नाही. मी ऑफिस करून तिथं जात होते. मनीषा सकाळी रानात फेरी मारून, पिवळी झाडं काढून मग एसटीनं यायची. मी तिला एकदा म्हणाले, आता राहू दे. ती म्हणाली, “मग त्यांनी कशापायी केलं हे समदं?”

यंत्र काढल्यावर तात्यांचा आवाज खरखरीत झाला होता. सुनेला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, “पाऊस आला का?”

“न्हाय अजून.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा मला समजलं की तो माणूस बेशुद्धीतही त्या रानातच होता.

पाऊस आला तो ते घरी गेल्यावर. झोडपून आला. माशी धुऊन गेली, पण सदाशिवरावांच्या रानात धुण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेंगा चपट्या, आत दाणा नाही. मनीषाचं पीक अर्ध्याहून थोडं जास्त हाती लागलं. तिनं उपटलं म्हणून वाचलं, की आधी पेरलं म्हणून, की नुसतं नशीब, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या दुकानदाराबद्दल मी वर कळवलं. दुकान काही दिवस बंद होतं, मग उघडलं. पुढच्या उघडिपीला तिथं पुन्हा गर्दी होती. ही खंत माझ्याबरोबर घरी आली आहे.

तात्या वाचले, पण पुरते पहिल्यासारखे झाले नाहीत. पायांत जोर राहिला नाही, हात कापायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मनीषा पुढच्या वर्षी सोयाबीन करणार नाही असंच मी धरून चालले होते. तिनं पुन्हा केलं, आणि बांधाच्या कडेचं, माशीला आसरा देणारं गाजरगवतही आधीच काढून घेतलं. सदाशिवरावांनीही केलं.

आणि पुन्हा उघडीप पडली. तितकीच स्वच्छ, तितकीच वाईट. निवृत्तीआधीचा तो माझा शेवटचा हंगाम. मी वस्तीवर गेले. मनीषा ओळीतून वाकून चालली होती, मध्येच एखादं झाड उपटून पाटीत टाकत होती. तिच्या पुढं, काठी बांधावर ठेवून, तात्या चालले होते. तेही उपटत होते.

मी जवळ गेले तेव्हा दिसलं की त्यांना पिवळं आणि हिरवं नीट दिसत नाही. हात कापत कापत पुढं जायचा, जे झाड हाताला लागेल ते धरायचा आणि ओढायचा. त्यांच्या हातात आलेलं झाड सरळ, टवटवीत, कळ्यांनी भरलेलं होतं. त्याच्या पानाखाली एक माशी नव्हती. ते त्यांनी मोठ्या काळजीनं पाटीत ठेवलं आणि सुनेकडे बघितलं.

“ह्ये रोग्याट हुतं ना गं?”

मी तोंड उघडलं. मनीषानं माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, नको.

“व्हय तात्या,” ती म्हणाली. “बरं झालं काढलं.”

ते पुढच्या झाडाकडे वाकले.